मिठाचं पाणी

पन्नास वर्षं भाई जे काम दुसऱ्या कुणाला करू देत नव्हते, ते यंदा त्यांच्या थोरल्या सुनेने केलं. नीरजाने गणपतीचा पाट माळ्यावरून खाली काढला, काथ्याने घासून धुतला आणि पडवीतल्या भिंतीला टेकवून ठेवला. नागपंचमी चार दिवसांवर आली होती. पाट गणपतीच्या शाळेत मूर्तिकाराकडे गेला, की त्यावर माती चढते आणि मूर्ती त्या घराची होते. धामापुरातले बहुतेक पाट केव्हाच पोचले होते. राऊळांच्या या घरचा तेवढा तीन दिवस भिंतीला टेकून होता.

तो दोघा भावांनी न्यायचा, हा या घरचा नेम. धाकटा सर्वेश त्या दिवशी देवबागहून यायचा, एका बाजूने तो धरायचा, दुसऱ्या बाजूने थोरला विश्वेश, आणि पुढे भाई छत्री घेऊन, जसा काही कुणी पाट हिसकावूनच नेणार होतं. यंदा भाई पडवीतल्या खुर्चीत होते. तीन शब्द बोलले की चौथ्याला खोकला यायचा. आणि परवा विश्वेशने भावाला फोनवर सांगून टाकलं होतं, "ह्या वर्सापास्ना तुझो गणपती तू वेगळो हाड. आमच्या पाटाक हात लावू नको."

आमच्याकडे जमिनी वाटल्या जातात, चुली वेगळ्या होतात. कोर्टात एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊसुद्धा चतुर्थीला एकाच गणपतीपुढे झांजा वाजवतात. गणपती वेगळा आणला की मात्र संपलं. मग भाऊबंद उरतात, भाऊ उरत नाहीत. हे विश्वेशला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं म्हणूनच तो बोलला.

सगळं झालं ते डिझेलपायी. छोटा ट्रॅक्टर घरात आला तेव्हापासून डिझेल घरातच साठवायचं, याला इलाज नव्हता. पंप चौदा किलोमीटरवर, आणि तिथे प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये डिझेल देत नाहीत. सर्वेशचं आणि त्याच्या बायकोचं, दीपिकाचं, देवबागात पाहुण्यांना राहायला देण्याचं घर, होडीवाल्यांशी त्याची ऊठबस. तो लोखंडी डबे भरून घ्यायचा आणि आपल्या जुन्या व्हॅनमधून, पाहुण्यांच्या धुतलेल्या चादरींच्या शेजारी ठेवून, धामापूरला आणायचा. चादरींना बंदराचा वास येतो, अशी पाहुण्यांची तक्रार असे. तो म्हणायचा, बंदरावरच तर राहायला आलात.

घरामागच्या मांगरात, म्हणजे अवजारं-बियाणं ठेवायच्या खोपटात, दोनशे लिटरचं पिंप होतं. पूर्वी ते चिऱ्यांच्या चौथऱ्यावर असे आणि खालच्या नळाने डिझेल काढता येई. वैशाखात नळ गळायला लागला, बियाण्याच्या भाताची दोन पोती भिजली. तेव्हा विश्वेशने नळ काढून भोक बुजवलं आणि पिंप खाली कोपऱ्यात उतरवलं. आता डिझेल वरून काढायचं, म्हणजे हातपंप हवा. "मालवणातसून मी हाडतंय," सर्वेश म्हणाला. तीनदा आला, तीनदा विसरला.

आषाढात चिखलणी ऐन रंगात असताना ट्रॅक्टर डिझेल संपून खाचरात बंद पडला. विश्वेश तिथून हाका मारत होता. भाईंनी पिंपात नळी घातली आणि आजवर ज्याला-त्याला ओरडून मना केलेलं काम स्वतः केलं. नळी तोंडाने ओढली. अंदाज चुकला, तोंडभर डिझेल आलं. काही थुंकले, काही पोटात गेलं.

नीरजा प्राथमिक शाळेत शिक्षिका. शाळेला निघालेली ती पर्स टाकून धावली. विष पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची, हे तिने कितीतरी मुलांकडून घोकून घेतलेलं. भाई हात हलवत होते. "नको गो, बरो आसंय मी." तिने ऐकलं नाही. दोन तांबे पाजले. त्यांना तीनदा उलटी झाली, आणि त्याच दुपारी श्वास लागला. अठरा दिवस ते कुडाळच्या इस्पितळात होते. फुप्फुसं जी गेली ती परत यायची नव्हती.

"सुनेन वाचयल्यान हो," असं अख्खी वाडी म्हणत होती.

*

"वयनी, तुझे पाय धरूक व्हयेत," शर्मिला म्हणाली. ही विश्वेशच्या पाठची बहीण, आरोंद्याला दिलेली. भाईंना बघायला काल आली होती आणि आल्यापासून खोबरं खवता खवता सगळ्यांचा निवाडा करत होती. "तुझ्या जागेर मी असतंय तर बोंबच मारीत बसलंय असतंय. तुया धीर धरलंस म्हणान भाई आज खुर्चयेत बसले हत."

नीरजाने तांदूळ निवडायचे सूप हलवलं. "असा काय बोलतंस गो."

"खरा ताच बोलतंय. आणि त्या सर्वेशाक काय म्हणूचा? तीन फेरे मारल्यान, एक पंप हाडूक जमलो नाय तेका."

"तेचा घर पाव्हण्यांनी भरलेला होता," चुलीपाशी बसलेली सावित्री म्हणाली.

"आये, तू सदा तेचीच बाजू घेतंस."

"बाजू खंयची गो? दोगांचीय आवस मीच मां?"

शर्मिला पुन्हा खोबऱ्याकडे वळली, पण पटून नव्हे. सावित्रीने काल संध्याकाळी जे केलं होतं ते कुणाला सांगितलं नव्हतं. तिने स्वतः सर्वेशला फोन लावला होता. दादाचं मनावर घेऊ नको, उद्या ये, पाट उचल, असं सांगितलं होतं. "येतंय," एवढंच तो म्हणाला. तेवढ्यावर ती आज सकाळपासून दोनदा दारापर्यंत जाऊन आली होती. विश्वेशचा राग म्हणजे तव्यावरचं पाणी, हे तिला आईपणाने माहीत होतं. समोरासमोर आले की निवेल.

"सर्वेश येतलो आज," ती शेवटी म्हणाली. "मीया बोलयलंय तेका."

नीरजाच्या हातातलं सूप थांबलं.

त्या दिवसापासून कुणी चांगलं म्हटलं की ती मान खाली घालून हातातलं काम करत राहायची. इस्पितळात तिसऱ्या दिवशी डॉक्टर छातीचा फोटो घेऊन आले, तेव्हा भाईंजवळ ती एकटीच होती. भाई मास्क लावून डोळे मिटून पडलेले. डॉक्टर म्हणाले, "डिझेल पोटात राहिलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. उलटी होताना ते फुप्फुसात उतरलं. उलटी आपोआप झाली की कुणी करवली?"

"आपोआप," नीरजा म्हणाली.

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि ते पुढच्या खाटेकडे गेले. मग शाळेत परत रुजू झाली त्या दिवशी तिने वर्गातला प्रथमोपचाराचा तक्ता वाचला. सहा वर्षांपूर्वी तिनेच खिळा ठोकून लावलेला. पहिली ओळ तिला पाठ होती. खाली बारीक अक्षरात दुसरी होती : रॉकेल, पेट्रोल किंवा आम्ल प्यायल्यास उलटी करवू नये. मुलं प्रार्थनेला उभी होती, आणि बाई तक्त्याकडे तोंड करून रडत होत्या.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण भाई घरी यायचे होते, मग घरी आले, मग लोक बघायला येऊ लागले आणि प्रत्येक जण तिच्या पाठीवर थाप मारून जाऊ लागला. एकेका थापेबरोबर सांगणं अवघड होत गेलं. आता तिच्या गप्प बसण्यापायी एका माणसाचं घर तुटायची वेळ आली होती, आणि तरी ती तांदूळ निवडत होती. स्वतःची एवढी किळस तिला कधी आली नव्हती.

*

शर्मिला विश्वेशला शोधत मांगरात गेली. तो पिंपापाशी उभा होता. भिंतीवर खिळ्याला हातपंप टांगलेला, दुकानातल्या प्लॅस्टिकसकट. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सर्वेश तो घेऊन थेट इस्पितळात आला होता आणि बगलेत धरून तास दीड तास तसाच उभा होता. बैल गेला नि झोपा केला. विश्वेशने तो घरी आणून मुद्दाम डोळ्यांसमोर टांगला होता.

"दादा, सर्वेश येता हा."

"कोणी बोलयल्यान तेका?"

"आयेन."

"येव दे. पाट मी एकटो नेतलंय."

"मग तीन दीस कित्याक नेवक नाय?"

विश्वेश पिंपाचं झाकण आवळायला लागला. शर्मिलाची नजर मांगरात फिरली. कोपऱ्यातलं पिंप, आणि पलीकडे रिकामा चौथरा. मघाशी स्वयंपाकघरात निवाडा करताना हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"पिंप खाली कोणी उतरयल्यान?"

"मीया. नळ गळत होतो."

"नळ बदलूक किती टायम लागलो असतो, दादा?"

"तू आरोंद्यासून माझी झडती घेवक इलंस?"

"झडती न्हय रे. इचारतंय."

विश्वेश चौथऱ्यावर बसला. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण बहिणीपुढे लहान दिसायला लागला. "बदलतलंय होतंय," तो म्हणाला. "लावणी आटापली की बदलतलंय, असा म्हटलंय. सर्वेश तीनदा पंप इसारलो, ता माका बरा वाटला होता गो. मगे माका कोण इचारूचा नाय, नळ कित्याक बदलूक नाय म्हणान. आणि त्या दिसा हाका मारणारोय मीच."

"मग तेका कित्याक बोललंस तसा? गणपती वेगळो?"

"तोंडातसून गेला."

"गेला तर परत घे."

"तो येव दे तर खरो," विश्वेश म्हणाला. शर्मिला आता पुरती धाकट्याच्या बाजूला गेली होती. तिने पंप खिळ्यावरून काढला आणि पिंपामागे, दिसणार नाही असा, ठेवून दिला.

*

अकराच्या सुमारास पाऊस उघडला आणि सर्वेश आला. स्कूटरवर चार शहाळी बांधलेली. त्याने पायरीवर पाय पुसले, भाईंच्या पायांना हात लावला आणि पडवीच्या कडेला, खांबापाशी बसला.

"थंय कित्याक बसलंस? वर ये," सावित्री म्हणाली.

"हंयच बरो आसंय, आये. पाय चिखलाचे आसत."

विश्वेश मांगराच्या बाजूने आला. शर्मिला त्याच्या मागे. नीरजा आत चहा गाळत होती. तिला सगळं ऐकू येत होतं.

"कसो इलंस?" विश्वेशने विचारलं. त्याला म्हणायचं होतं 'बरा झाला इलंस', पण ते काही जमलं नाही.

"भाईंक बघूक."

"आता बोलणी नकोत," सावित्री घाईने म्हणाली. "पावस उघडलो हा. दोगांनी पाट उचला नि जावा."

कुणी उठलं नाही. भाई दोघांकडे आळीपाळीने बघत होते. विश्वेशने एक पाऊल टाकलं, आणि तिथेच त्याचा जन्माचा आडमुठेपणा आडवा आला. "पाट उचलूच्या आधी तेना एकदा चूक कबूल करूची. सगळ्यांसमोर. बास. मग माझा काय म्हणना नाय."

"दादा!" शर्मिला म्हणाली.

"रव गो ताई," सर्वेश म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता. "दादा, मीया हॉस्पिटलात कबूल केलंय. फोनार केलंय. आणखी एकदा करतंय. पंप मी इसारलंय. तीनदा इसारलंय. भाईंचा जा काय झाला ता माझ्यामुळे झाला. दीपिका माका सांगता, मी झोपेत्सुद्धा ह्याच बडबडतंय. झाला?"

नीरजा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. सर्वेशचा चेहरा तिला दिसला. तो भांडण मिटवायला म्हणून बोलत नव्हता. त्याने ते खरंच मानलं होतं. आयुष्यभर मानणार होता. तिने ट्रे उंबऱ्यावर ठेवला.

"भावजी, तुमच्यामुळे न्हय," ती म्हणाली. "माझ्यामुळे."

"तुझा काय मधीच?" विश्वेश म्हणाला.

"मिठाचा पाणी मी पाजलंय मां? ताच चुकला. डॉक्टर म्हणाले, डिझेल पोटात राहिलं असतं तर एवढं बिघडलं नसतं. उलटीबरोबर ते फुप्फुसात गेलं." डॉक्टरांचं बोलणं तिच्या तोंडून त्यांच्याच शब्दांत आलं, इतक्या वेळा तिने ते मनात म्हटलं होतं. "उलटी कोणी करवली म्हणान तेंनी इचारल्यानी, तर मी खोटा सांगलंय. आपोआप झाली म्हटलंय. माझ्या वर्गात तक्तो आसा, तेच्यार लिवलेला आसा तसा करू नये म्हणान. भाई नको नको म्हणत होते. मी जबरदस्ती केलंय. आणि मगे सगळ्या गावाकडसून शाबासकी घेतलंय. तुमी बोलणी खाल्लास आणि मी शाबासकी."

ती रडायला लागली. शर्मिलाने तोंडावर हात ठेवला. विश्वेश बायकोकडे असा बघत होता, जसं काही हिला आपण कधी बघितलंच नव्हतं.

"गप गो," भाई म्हणाले. सगळे वळले. "रडू नको. माका म्हायत होता."

खोकल्याची उबळ आली. सावित्रीने पाठ चोळली. ती ओसरेपर्यंत सगळे थांबले.

"मी जागो होतंय थंय," भाई म्हणाले. "डॉक्टर बोललो ता सगळा ऐकलंय."

सर्वेश उठून उभा राहिला. "तुमका म्हायत होता? भाई, दादा माका तुमच्यासमोर बोलत होतो. फोन तुमच्या खुर्चयेकडसूनच केल्यान. तुमी ऐकत होतास?"

"ऐकत होतंय."

"मग बोलूक कित्याक नाय?"

भाईंनी नीरजाकडे हात केला. "हिच्याच हातसून माका पाणी पिवचा आसा. रोज. तिचा तोंड खाली गेला असता तर... मी खंय बघतलंय होतंय?" त्यांनी श्वास घेतला. "तू लांब रवतंस. तुका लागतला, म्हटलंय. पण तू सोसतलंस. ल्हान असल्यापास्ना तू सोसतंस."

ते हे मायेनेच बोलले. जे पोर सोसतं त्याच्यावरच जास्त टाकायचं, ही आईबापांची जुनी खोड आहे, आणि ती टाकताना त्यांना आपण त्याचं कौतुक करतोय असंच वाटत असतं.

सर्वेशने मान हलवली, होय म्हणून की नाही म्हणून ते कळलं नाही.

मग विश्वेश पुढे झाला. त्याने भिंतीचा पाट उचलून आडवा धरला आणि मोकळी बाजू भावाकडे केली. "धर," तो म्हणाला. "सर्वेश, धर रे. पिंप मी खाली उतरयलंय. नळ मी बदलूक नाय. तुझी एकट्याची चूक नव्हती, ता माका पैल्या दिसापास्ना म्हायत आसा. धर."

नीरजाला वाटलं, झालं. आता माझं काय व्हायचं ते होवो. सावित्रीने तर हळदकुंकवाची वाटी आणायला आत पाऊलही टाकलं.

सर्वेशने हात पुढे केला नाही.

"दादा," तो म्हणाला, "काल सकाळी मी पाट दिलंय. देवबागातसून. नवो करून घेतलंय. सांजवेळा आयेचो फोन इलो, तेच्या आधी दोन तासां गणपतीच्या शाळेतसून फोन इल्लो, माती चढयली म्हणान."

"कालच?"

"तू परवा बोललंस. तो आखो दीस मी रवलंय. वाटला, दादा परत फोन करतलो."

"मग... सांगून बघूया तेंका," शर्मिला म्हणाली. "अजून निसती मातीच मां आसा."

"नको गो! असा तोंडातसून काढू नये," सावित्री दारातूनच म्हणाली. तिलाच ते सगळ्यांत आधी कळलं होतं. पाटावर चढलेली माती उतरवत नाहीत. आणि एकदा घरात आणलेल्या गणपतीला पुढच्या वर्षी येऊ नको म्हणता येत नाही. सर्वेशच्या मागे त्याचा मुलगा आणील, मग त्याचा मुलगा. हे आता कुणाच्या रागालोभाचं राहिलं नव्हतं.

नीरजा खाली बघत होती. इस्पितळातल्या त्या दिवसापासून काल सकाळपर्यंत तिच्यापाशी किती दिवस होते, ते तिला कुणी सांगायला नको होतं.

सर्वेश तिच्याजवळ आला. "वयनी, तू सांगलंस ता बरा केलंस," तो म्हणाला. "माझ्यार मोठा ओझा होता." त्यात टोमणा नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. मग तो भाईंपाशी वाकला, आईपाशी वाकला आणि उभा राहून, लोक दारोदार जाऊन म्हणतात तसं, नीट म्हणाला :

"भाई, आये, दीड दिवसाचो आसा. आरतीक येवा. दादा, वयनी, ताई, तुमीय येवा."

विश्वेशच्या हातात पाट तसाच होता. भाईंनी मान डोलावली.

"येतंव हां," सावित्री म्हणाली. सर्वेश पायऱ्या उतरून स्कूटरपर्यंत गेला, रेनकोट चढवायला लागला. तेव्हा तिला काय वाटलं कोण जाणे, ती पडवीच्या टोकापर्यंत धावत गेली.

"सर्वेशा, जेवन जा रे."

या घरात त्याला हे आजवर कुणी म्हटलं नव्हतं. घरच्या माणसाला म्हणावं लागलंच नव्हतं. सर्वेशचा रेनकोटाच्या बाहीत गेलेला हात तिथेच थांबला, आणि सावित्रीलाही आपण काय बोलून बसलो ते कळलं.

"नको आये," तो म्हणाला. "दीपिका वाट बघता."